सही माझी, मजकूर माहीत नाही

आमच्या गावच्या चहाच्या हॉटेलात सकाळी पेपर आला की त्याची पानं सुटी होतात. ज्याच्या हाती जे पान लागेल, त्यानं ते मोठ्यानं वाचायचं. परवा एकाच्या हाती आतलं पान लागलं आणि त्यानं वाचलं, ‘सबळ पुराव्याअभावी सर्वांची निर्दोष मुक्तता’. कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातली, जातीवरून झालेल्या मारहाणीची बातमी होती.

“जज विकल्या गेला असन,” एक जण म्हणाला.

“जज कायले विकल्या जाते? वरून फोन येते त्याले.”

“अन् ते खरंच निर्दोष असतील तर? तू गेलता काय पाहाले?”

“तू गप बे. तुह्यावाल्याची सत्ता हाय, तुले समदं गोडच लागते.”

मग सगळे माझ्याकडे वळले. माझी पिठाची गिरणी होती. ती गावाच्या चौकात, पोलिसांची जीप उभी राहायची त्याच जागेला लागून. तरुणपणापासून मी कितीतरी पंचनाम्यांवर पंच म्हणून सह्या केल्या, कोर्टाच्या पायऱ्या चढलो. त्यामुळं कोर्टाचं काही निघालं की लोकांना माझं मत हवं असतं.

“काका, तुम्ही काऊन चूप?”

मी कप खाली ठेवला आणि घरी आलो. पूर्वी मी या गप्पांत सगळ्यात मोठ्यानं बोलायचो. निकाल लागला की न्यायव्यवस्थेवर, सरकारवर, पुढाऱ्यांवर माझं मत तयार असायचं आणि ते बहुतेक वेळा सरळ असायचं: गरिबाला न्याय नाही. आता ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. पुराव्याचा अभाव कसा होतो, हे मला माहीत आहे. तो वरून फोन आल्यानं होत असेलही. आमच्याकडे तो गिरणीत, पोत्यावर बसून झाला.

पंच म्हणजे काय, ते आधी सांगतो. पोलीस एखाद्या जागी जाऊन जे पाहतात ते कागदावर लिहितात, त्याला पंचनामा म्हणतात आणि तो दोन प्रतिष्ठित माणसांच्या समक्ष व्हावा लागतो. आमच्या गावातली दोन प्रतिष्ठित माणसं म्हणजे गिरणीवाला मी आणि गिरणीच्या भिंतीला लागून मशीन मांडून बसणारा मुसलमान शिंपी. आम्ही प्रतिष्ठित होतो याचं कारण इतकंच, की आम्ही जीप थांबते तिथे सापडायचो. हातभट्टी धरली, चोरीची मोटार सापडली, जुगाराचा अड्डा पकडला, की जमादार गिरणीत यायचे. “चला, सही ठोका.” पीठ पुसून मी सही करायचो. जागेवर कोण जाणार? गिरणी चालू असायची. कधी कागद भरलेला असायचा, कधी अर्धा कोरा. तारखेच्या दिवशी कोर्टाबाहेर पोलीस आम्हाला पंचनामा वाचून दाखवायचे आणि आत जाऊन आम्ही शपथेवर सांगायचो की हे सगळं आमच्या समक्ष घडलं. यात काही चुकतं असं आम्हाला वाटत नव्हतं. कोर्टाची ती रीतच आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

या सगळ्या पंचनाम्यांत एकच असा होता, की जिथे मी स्वतः गेलो, उभा राहिलो आणि सगळं डोळ्यांनी पाहिलं.

नाल्याच्या पलीकडे आमच्या गावची बौद्ध वस्ती आहे. त्यांची स्मशानभूमी माझ्या चुलतभावाच्या शेताच्या मागे. तिथे जायला त्या शेताच्या बांधाकडेनं रस्ता होता. कागदावर होता की नव्हता ते मला ठाऊक नाही, जमिनीवर होता. माझ्या लहानपणी मी त्याच रस्त्यानं बैलगाडी नेलेली आहे. चुलतभावानं तो एका उन्हाळ्यात मोडायला काढला. त्याच दिवसांत वस्तीतल्या एका म्हाताऱ्याचं मयत झालं. त्याचा मुलगा, तेव्हा तिशीचा असेल, तिरडी घेऊन त्या रस्त्यानं आला तर पुढे काट्या टाकलेल्या आणि माझा चुलतभाऊ दोघा-तिघांना घेऊन उभा. शिव्या झाल्या. जात काढली गेली. त्या मुलाच्या खांद्यावर काठी बसली. तिरडी खाली ठेवावी लागली. शेवटी ते लोक नाल्यात उतरून, गाळातून प्रेत घेऊन गेले.

अॅट्रॉसिटीची केस झाली. दुसऱ्या दिवशी पोलिसांचे मोठे साहेब स्वतः आले आणि म्हणाले, पंच जागेवर पाहिजेत. म्हणून मी आणि शिंपी, आम्ही दोघं त्यांच्यामागे शेतात गेलो.

बोरीच्या काट्या आडव्या टाकलेल्या होत्या. त्यांच्यापुढे रस्त्यावर आडवा चर खणलेला होता, माती अजून ओली होती. काट्यांच्या अलीकडे झेंडूची फुलं सांडलेली आणि तिरडीच्या बांबूंचे जमिनीत उमटलेले दोन लांब वळ. साहेब म्हणाले, “हा रस्ता होता कशावरून? शेतच दिसतंय.” त्यावर मीच पुढे झालो. चरात उतरलो आणि कापलेल्या मातीकडे बोट दाखवलं. वरची माती भुसभुशीत होती, नुकती नांगरलेली. तिच्याखाली एक थर होता, दगडासारखा चोपलेला, दोन्ही बाजूंना गाडीच्या चाकोरीचे खोलगट भाग असलेला. “साहेब, नांगरानं वरचं मोडलं. खाली वर्षानुवर्षांची वाट हाय. शेतात अशी माती नसते.” साहेबांनी ते लिहून घेतलं. मी वाचलं आणि सही केली. आयुष्यात पहिल्यांदा वाचून सही केली.

केस उभी राहायला फार वर्षं लागली. मधल्या काळात माझ्या मुलीचं लग्न ठरलं, त्यात भाऊबंद लागणारच होते. साक्षीचं समन्स आलं त्या आठवड्यात चुलतभाऊ दळण घेऊन गिरणीत आला. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणतो. गव्हाच्या पोत्यावर बसला, पट्टा फिरत होता म्हणून थोडं ओरडूनच बोलला.

“तुले खोटं बोलाले कोन सांगून राह्यलं? खोटं बोलू नोको. इतकंच म्हनजो, सही माझी हाय, मजकूर माहीत नाई.”

“पण मी पाह्यलं ना, दादा.”

“आजवर किती सह्या केल्या? त्याच्यातला मजकूर माहीत होता काय तुले?”

मी हाताचं पीठ पुसू लागलो.

“मंग? हे तं खरंच हाय तुह्यावालं. त्याले फासावर नाई चढवून राह्यला तू. त्याच्या बाजूनं नाई, माह्या बाजूनं नाई. मधात.”

लोकांनी पुढं मला विचारलं, धमकी दिली होती का. नव्हती दिली. मी घाबरलो असतो तर आज थोडं बरं वाटलं असतं. मला ते सोपं वाटलं, इतकंच. ते वाक्य मी इतर पंचांच्या तोंडून कोर्टात अनेकदा ऐकलं होतं. वकील ते ऐकून मान हलवतात, जजसाहेब लिहून घेतात, कोणी रागावत नाही. मला वाटलं, हे खोटं नव्हेच, ही बाजूला सरकण्याची जागा आहे.

तारखेच्या दिवशी बुलढाण्याच्या कोर्टात शिंप्याची साक्ष आधी झाली. त्यानं काट्या सांगितल्या, चर सांगितला, फुलं सांगितली, आणि चरात कोण उतरलं होतं तेही सांगितलं. माझं नाव घेतलं. मग मला बोलावलं. मी सही ओळखली आणि मजकूर माहीत नाही म्हटलं. सरकारी वकिलानं मला फितूर म्हणून जाहीर करायची परवानगी मागितली आणि उलट विचारलं, “तुम्ही चरात उतरला होतात की नाही?” मी म्हणालो, “नाही. माझ्यासमोर काही झालं नाही. मी गिरणीत सही केली.” इथे मी मधल्या जागेवरून पार पलीकडे गेलो होतो, आणि ते जाणं माझ्या लक्षातही आलं नाही. माझ्या एका ‘नाही’नं मी स्वतःला वाचवलं असेन, शिंप्याला मात्र खोटं पाडलं. तो मागच्या बाकावर बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

निकालात लिहिलं होतं की दोन पंचांच्या सांगण्यात मेळ नाही, वस्तीतले साक्षीदार हितसंबंधी आहेत, संशयाचा फायदा आरोपींना. फटाके वाजले. त्या वर्षीच शिंप्याकडे आमच्या गल्लीतले कपडे जाणं बंद झालं. कोणी ठरवलं नाही, कोणी सांगितलं नाही. तो मशीन उचलून सासुरवाडीला, धाड गावी निघून गेला. गिरणीची ती भिंत रिकामी राहिली.

त्यानंतर कितीतरी निवडणुका झाल्या. प्रत्येक वेळी भोंग्याच्या गाड्या वस्तीपर्यंत जातात आणि प्रत्येक गाडीवर न्याय हा शब्द असतो, रंग तेवढा बदलतो. मी दोन्हीकडच्या उमेदवारांना वस्तीत जमिनीवर बसून जेवताना पाहिलं, फोटो निघाले. जेवून उठल्यावर स्मशानभूमीपर्यंत चालत गेलेला एकही पाहिला नाही. आता तर आमच्या घरातली पोरं आरक्षणाचे झेंडे मोटारसायकलला लावून फिरतात, पलीकडची पोरं त्यांच्या झेंड्यांनी उत्तर देतात, मिरवणूक निघाली की मशिदीजवळच्या गल्लीतल्या बाया दारं लावून घेतात. टीव्हीवर आरोपीचं घर पाडायचं मशीन दाखवतात आणि निकाल लागण्याआधीच हॉटेलात टाळ्या पडतात. कोणी मला विचारलं तर मी म्हणेन, घर पाडायचं की नाही हे कोर्टानं सांगावं, मशीननं नाही. पण हे बोलायला माझं तोंड कुठे आहे? कोर्टात जाऊन कोर्टाला आंधळं करून आलेला माणूस मी. आता सगळ्यांचंच बोलणं ऐकून दमायला होतं, माझं स्वतःचं धरून.

गेल्या वर्षी तो मुलगा, म्हणजे त्या मयत म्हाताऱ्याचा मुलगा, माझ्या ओसरीवर आला. आता तोही म्हातारा झालेला. गिरणी बंद झाली त्याला बरीच वर्षं झाली, तरी तो दाराशी थांबून म्हणाला, “दळन नाई आनलं, भाऊ.”

मी त्याला खुर्ची दिली. त्यानं सांगितलं, रस्ता खुला करून मिळावा म्हणून त्यानं तहसीलदारांकडे अर्ज केला आहे. स्थळपाहणी होणार, गावातल्या जाणत्या माणसांना विचारणार.

“नाल्यातून न्याव लागते अजून. पावसाळ्यात खांदेकरी घसरतात. माह्या बापाले एकदा खाली ठेवलं, मायले दोनदा. आता माहा नंबर लागन.” तो हसला. “मी तं वजनानंही जास्त हाव. पोरं पाडतीन मले.”

“मी येतो,” मी म्हणालो.

“कोनाकडून?”

तो प्रश्न त्यानं टोमणा म्हणून विचारला नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

पाहणीच्या आधी मी एसटीनं धाड गावी गेलो. बाजाराचा दिवस होता. शिंपी त्याच्या मुलाच्या दुकानात काजं करत बसला होता. मला पाहून चष्मा वर केला.

“काय भाई? कपडा आणला का गवाही?”

मी कशासाठी आलो ते सांगितलं. तो बराच वेळ दोरा ओवत राहिला. त्याला आता नीट दिसत नाही, पण त्यानं माझ्याकडे सुई दिली नाही.

“मी कायले येऊ? माही गवाही दिली मी. कोर्टात ठेवली हाय. ती काही बदलली नाई.”

“मानली नाही ना त्यांनी.”

“मानली नाई, थे तुह्यामुळं. आता तू जा. तुही बाकी हाय.” मग मुलाला हाक मारून म्हणाला, “यांना चहा पाज बे. आपले जुने पडोसी हायेत.” चहा पिऊन होईपर्यंत तो काजं करत राहिला. निघताना मी माफी मागितली. तो म्हणाला, “इथं नोको. दुकानात गिऱ्हाईक हाय.”

पाहणीला नायब तहसीलदार आले, वयानं माझ्या नातवाएवढे. चुलतभाऊ काठी टेकत आला, सोबत त्याचा वकील. शेतात आता संत्र्याची झाडं आहेत आणि इतक्या वर्षांच्या ट्रॅक्टरनं बांधाकडेची जमीन इतकी खोल उलटीपालटी झाली आहे की तिथं कुठला थर उरलेला नाही. चर तर केव्हाच बुजला. बांधाला एक जुना निंब तेवढा आहे. मी निंबापासून चालत गेलो आणि वाट कुठून कुठे होती ते दाखवलं. चर कुठे होता ते दाखवलं. आत काय पाहिलं ते सांगितलं.

वकिलानं सगळं ऐकून घेतलं. मग फाईलमधून एक नक्कल काढली आणि संत्र्याच्या सावलीत उभं राहून वाचली. माझीच साक्ष होती. ‘पंचनाम्यावरील सही माझी आहे. मजकूर मला माहीत नाही. माझ्यासमोर काहीही घडले नाही.’

“काका, हे तुमचंच ना?”

“माझंच.”

“हे शपथेवर आहे. मग खोटं कधी बोललात, तेव्हा की आता?”

“तेव्हा.”

नायब तहसीलदार लिहायचे थांबले. “काका, हे असं लिहू? समजतंय ना तुम्हाला, याचा अर्थ काय होतो?”

“लिहा, साहेब.”

वकील हसून त्यांना म्हणाला, “लिहा ना साहेब, आमची हरकत नाही. कोर्टात खोटं बोललो असं जो स्वतःच सांगतो, त्याच्या शब्दावर तुम्ही रस्ता देणार काय?”

त्याचं म्हणणं कायद्याला धरूनच होतं.

परत येताना चुलतभाऊ बरोबर चालत होता. वाट एकच, दुसरीकडून कुठून जाणार. “म्हातारपनी खरं बोलाची हौस आली तुले,” तो म्हणाला. मग काठी टेकून थांबला आणि म्हणाला, “मी काय तुह्या मानेवर बसलो होतो काय तेव्हा?”

“नाही, दादा.”

“मंग मले कायले बदनाम करतं?”

आदेश आला. अर्ज फेटाळला. कारणांत लिहिलं आहे की पूर्वीपासूनची वहिवाट सिद्ध होत नाही, आणि अर्जदारानं ज्या साक्षीदारावर भर दिला त्याचं कथन त्याच्याच पूर्वीच्या शपथेवरील कथनाशी विसंगत असल्यानं विश्वासार्ह नाही. खालच्या अधिकाऱ्यावर मी रागावलो नाही. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. हॉटेलात मात्र हा निकाल कळला तेव्हा एक जण म्हणाला, साहेबानं दाबून खाल्लं असणार. दुसरा म्हणाला, सरकार त्यांच्या जातीचं आहे. मी तिथे होतो. मी सांगितलं, “कोनं काही खाल्लं नाई. निकाल माह्या साक्षीवर गेला.” ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मग पुन्हा सरकारवर बोलू लागले. सरकारवर बोलणं त्यांना सोपं जातं, जसं मला मजकूर माहीत नाही म्हणणं सोपं गेलं होतं.

आदेशाची प्रत घेऊन वस्तीतला तो म्हातारा पुन्हा ओसरीवर आला. मला वाटलं होतं, आता तो येणार नाही. प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायचं म्हणाला. वकिलानं सांगितलंय की वस्तीतली माणसं कितीही आणली तरी हितसंबंधीच म्हणतील. गावातल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र पाहिजे, आणि त्यात दोन्ही गोष्टी यायला हव्यात, काय पाहिलं तेही आणि कोर्टात खोटं का सांगितलं तेही. तसं असलं तर निदान कोणी वाचून पाहील.

“दुसऱ्याकडून लिहून आनू नोका, भाऊ. तुम्हीच लिहा. मंग मजकूर माहीत नाई म्हनता येनार नाई.”

हे तो हसून बोलला, पण मला हसू आलं नाही. हे मी त्यासाठी लिहायला घेतलं. यातलं बरंच कोर्टाच्या कामाचं नाही हे मला कळतं. शिंप्याच्या दुकानातला चहा, हॉटेलातली भांडणं, पुढाऱ्यांची जेवणं, हे सगळं वकील काढून टाकील. टाकू दे. वाटेचा भाग तेवढा राहिला म्हणजे झालं. तो भाग मी वेगळ्या कागदावर लिहिला आणि त्याला वाचून दाखवला: निंबापासून बांधाकडेनं स्मशानभूमीपर्यंत वाट होती. मी स्वतः तिच्यावरून गाडी नेली आहे. पंचनाम्याच्या दिवशी तिच्यावर काट्या आणि ताजा चर होता. चरात उतरून मी चोपलेला थर आणि चाकोरी पाहिली आणि साहेबांना दाखवली. कोर्टात मी हे नाकारलं. ते नाकारणं खोटं होतं, मला कोणी धमकावलं नव्हतं.

त्यानं डोळे मिटून ऐकलं.

“रुंदी नाई लिहिली,” तो म्हणाला.

खरंच, ती राहिली होती.

“किती होती, तुम्हाले आठवते काय?”

मला आठवत होतं. गाडी चालली की एका बाजूनं माणूस बैलाच्या खांद्याला हात लावून चालू शकायचा. माझे वडील तसेच चालायचे.

“एक गाडी, अन् बाजूनं चालनारा एक माणूस,” मी म्हणालो.

“म्हंजे खांदेकरी दोन्हीकडून बसतात,” तो म्हणाला. “मंग तसं लिहा.”

मी पेन उघडलं.